खोजा म्हणजे जोगता नव्हे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याचा सेनापती मलिक काफूर याच्यावरचा लेख वाचला. देवगिरीच्या यादवांचे राज्य कसे बुडाले, हा विषय आपण घेतलात याचा आनंद आहे. पण लेखाशेजारी फोटो छापला तो आपल्या आंबील यात्रेतल्या जोगत्यांचा. मजकुरातही खोजा, हिजडा, तृतीयपंथी, नपुंसक आणि षंढ हे पाच शब्द जणू एकाच अर्थाचे म्हणून वापरले आहेत. मलिक काफूर हा खोजा, म्हणजे खच्ची केलेला राजसेवक; गुलाम म्हणून लुटीत सापडलेला आणि दरबारात चढलेला माणूस. ओढ्यावरच्या रेणुकेसमोर डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन उभा असलेला जोगता हा देवीला वाहिलेला भक्त. या दोघांना एका चौकटीत बसवले की काफूरचा इतिहास कळत नाही आणि आपल्याच गावातल्या माणसांच्या माथी भलताच इतिहास बसतो. म्हणून सविस्तर लिहितो. जागा थोडी जास्त लागेल.

आधी शब्द. आपल्याकडे रोजच्या बातमीत ‘कार्यकर्त्यांचे खच्चीकरण’ असते. हा शब्द गोठ्यातला आहे आणि फारसीतल्या ‘खस्सी’वरून आला आहे. खोंडाला जुवाला धरायच्या आधी बडवतात. पूर्वी वृषणाकडे जाणाऱ्या नसा काठी-दगडाने ठेचत, आता जनावरांचे डॉक्टर चिमट्याने दाबतात. मग तो मारका राहत नाही, गायीमागे धावत नाही, पण ओढायची ताकद कायम राहते. जुन्या राजांचा हिशेब नेमका हाच होता. झेनोफन या ग्रीक लेखकाने तो इराणच्या सायरस राजाच्या नावावर मांडून ठेवला आहे. खच्ची केलेला घोडा चावायचा थांबतो, पण लढाईत कमी पडत नाही; तसाच बायकापोरे नसलेला सेवक धन्याशिवाय दुसऱ्या कोणाचा होत नाही. इतर सगळे त्याला हिणवतात, म्हणून तर त्याला धन्याची गरज जास्त. माणसाला बैलाच्या हिशेबाने मोजण्याची ही रीत पुढे दोन-अडीच हजार वर्षे चालली.

‘खोजा’ हा शब्द मात्र मुळात मानाचा. फारसी ‘ख्वाजा’ म्हणजे धनी, साहेब. अंतःपुराच्या कारभाऱ्याला ‘ख्वाजासरा’ म्हणत, त्याचा मराठीत खोजा झाला. गुजरातेतल्या व्यापारी खोजा समाजाचे नावही ‘ख्वाजा’वरूनच आले, पण त्या समाजाचा या प्रथेशी काडीचाही संबंध नाही. हेही लेखात स्पष्ट असते तर बरे झाले असते.

या प्रथेचा ठसठशीत पुरावा आजच्या इराकमधल्या प्राचीन अ‍ॅसिरियाचा. तिथल्या राजवाड्यांच्या दगडी शिल्पपटांत राजाला आणि सरदारांना कुरळी, लांब दाढी कोरलेली आहे, पण राजाच्या मागे चवरी आणि भाता घेऊन उभा असलेला सेवक पूर्ण बिनदाढीचा, गोल गालांचा आहे. अशा सेवकाला ‘शा रेशी’ म्हणजे ‘मस्तकापाशी असणारा’ म्हणत. यातले काही प्रांतांचे सुभेदार झाले, सेनापती झाले आणि इ. स. पू. ६२६ च्या सुमारास सिन-शुमु-लिशिर नावाचा एक जण थोडा काळ गादीवरही बसला. इराणी साम्राज्यात बाबिलोन प्रांताकडून दरवर्षी एक हजार टॅलंट (हे जुने वजन) चांदीबरोबर ५०० खच्ची केलेली मुले खंडणीत येत, असे हेरोडोटस लिहितो. चांदी आणि मुले एकाच यादीत आहेत.

आता शस्त्रक्रियेबद्दल. त्यावर लेखात एकच वाक्य आहे, तेही ‘नपुंसक बनवले जाई’ असे. त्याने काय घडत असे याची कल्पना येत नाही. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ ईजिना या ग्रीक वैद्याने दोन पद्धती नोंदवल्या आहेत. पहिली दाबण्याची. अगदी लहान मुलाला ऊन पाण्याच्या टबात बसवायचे, अंग सैल पडले की बोटांनी वृषण चुरगाळत राहायचे, हाताला लागेनासे होईपर्यंत. दुसरी कापून काढण्याची. पहिलीत काही अंश शिल्लक राहून वासना उरते म्हणून दुसरी पसंत करतात, असे तो सांगतो. हे वैद्यकाच्या हेतूविरुद्ध आहे, पण बडी माणसे आमच्या मनाविरुद्ध हे करायला लावतात, हीही कबुली त्याने देऊन ठेवली आहे.

वय फार महत्त्वाचे होते. वयात येण्याआधी वृषण काढले तर स्वरयंत्र वाढत नाही, दाढी-मिशी येत नाही. लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या कुर्च्या असतात, त्या वेळेवर मिटत नाहीत, म्हणून हातपाय धडाच्या मानाने लांब होतात. पुढे उतारवयात हाडे ठिसूळ होऊन पाठीत बाक येतो. वयात आल्यावर केले तर आवाज तसाच राहतो. इटलीतल्या चर्चमध्ये उंच पट्टीच्या गायनासाठी जी मुले खच्ची करत, त्यांचा हिशेब याच स्वरयंत्रावर होता. त्यांतला अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारला, त्याचा आवाज १९०२ आणि १९०४ सालच्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकता येतो.

चीनमध्ये फक्त वृषण नव्हे तर लिंगही काढत, त्यामुळे धोका कितीतरी मोठा. एकोणिसाव्या शतकातल्या पेकिंगचे, म्हणजे आजच्या बीजिंगचे, वर्णन सविस्तर उपलब्ध आहे. राजवाड्याच्या दरवाजाबाहेर एका लहानशा इमारतीत हे काम चाले. करणारे ‘सुरीवाले’ पिढीजात, सरकारमान्य, पण सरकारी पगार नसलेले. दर सहा टेल (हे चिनी वजन) चांदी. बरे होईपर्यंतची देखभाल त्यातच. पोट आणि मांड्या पांढऱ्या पट्ट्यांनी घट्ट आवळत, म्हणजे रक्त कमी जाते. कापायची जागा तिखट मिरच्यांच्या कढत पाण्याने तीनदा धूत. एक जण कमरेला धरी, दोघे पाय फाकवून धरत. मग सुरीवाला शेवटचे विचारी: पश्चात्ताप होईल का? उत्तर देताना माणूस जरासा अडखळला तरी त्याला सोडून देत. नाही अडखळला, तर विळ्यासारख्या वाकड्या सुरीने एका झटक्यात सगळे मुळापासून जाई.

त्यानंतर मूत्रमार्गात कथलाच्या मिश्रधातूची खुंटी बसवत, जखमेवर थंड पाण्यात भिजवलेला कागद ठेवून पट्टी बांधत आणि दोघांच्या आधाराने त्याला दोन-तीन तास खोलीत चालवत. मगच निजू देत. तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. तहान आणि वेदना दोन्ही सोसायच्या. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून खुंटी काढत. लघवीची धार आली तर माणूस वाचला म्हणून अभिनंदन करत. नाही आली तर मार्ग सुजून किंवा व्रण धरून बंद झालेला असे, आणि पुढे तडफडून मरण्याखेरीज काही नसे. जखम भरायला सुमारे १०० दिवस. लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास मात्र अनेकांना जन्मभर.

कापलेला भाग फेकत नसत. प्रक्रिया करून भांड्यात घालत, भांडे उंच फळीवर ठेवत, कारण उंच फळी म्हणजे उंच पद असा शकुन. त्याला ‘पाओ’ म्हणजे ठेवा म्हणत. बढतीच्या वेळी तो दाखवावा लागे. हरवला तर दुसऱ्याचा भाड्याने किंवा विकत आणावा लागे. मेल्यावर तो सोबत पुरत, कारण आईबापांनी दिलेला देह पुरता घेऊन पितरांसमोर जायचे. ज्याला वंशच नाही त्याला पितरांची केवढी काळजी, याचा विचार केला तर त्या भांड्याचा अर्थ कळतो.

मृत्यू किती होत? बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने ५५८ साली काढलेल्या कायद्यात आकडा दिला आहे: ९० जणांवर शस्त्रक्रिया केली, त्यातले जेमतेम तीन वाचले. हा आकडा सगळीकडचा धरू नये. पेकिंगचे सुरीवाले यापेक्षा खूप कुशल होते. पण राजवाड्यात पोचलेल्या प्रत्येकामागे वाटेत गेलेले किती, हे लिहिणारा कोणी नव्हता.

आणि इथे सगळ्यात संताप आणणारी गोष्ट येते. ही प्रथा अनेक मोठ्या राज्यांत कायद्याने निषिद्ध होती. रोममध्ये डोमिशियनने पहिल्याच शतकात बंदी घातली. ३२५ सालच्या निकायाच्या धर्मपरिषदेचा पहिलाच नियम स्वतःला खच्ची करून घेणाऱ्याला पौरोहित्यातून दूर ठेवतो. मात्र वैद्याने आजारात किंवा मालकाने जबरदस्तीने केले असेल तर हरकत नाही असेही म्हणतो. इस्लामी धर्मशास्त्रालाही हे मान्य नाही. मग राजवाडे भरत कसे? सुरी सरहद्दीपलीकडे चाले. बायझंटाइन दरबाराला मुले काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियातून येत. दहाव्या शतकात फ्रान्समधल्या व्हर्दून शहराचे व्यापारी मुले खच्ची करून मुसलमानी स्पेनला विकत. ९४९ साली कॉन्स्टँटिनोपलला गेलेल्या लिउटप्रांड या वकिलाने सम्राटाला भेट म्हणून अशी चार मुले दिली. आपल्याकडे बंगालातल्या सिल्हेट भागात गरीब रयत सरकारी धाऱ्याच्या बदल्यात मुलगा खच्ची करून देई. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत ही चाल लिहून तिच्यावर बंदी घातल्याचे नमूद केले आहे. औरंगजेबाने १६६८ साली पुन्हा बंदी घातली. बंदी दोनदा घालावी लागली, यातच पहिली किती चालली ते दिसते. घेणारा हात तोच होता, तर बंद कशी होणार?

तरी माणूस संधी मिळाली की उभा राहतो. चीनच्या हान घराण्याच्या दरबारातला खोजा त्साय लुन याने इ. स. १०५ मध्ये झाडांच्या साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून केलेला कागद सम्राटापुढे ठेवला. सिमा छ्यान हा चीनचा आद्य इतिहासकार. हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून इ. स. पू. ९९-९८ च्या सुमारास त्याला शिक्षा झाली. सोडवणुकीचे पैसे नव्हते. मरण पत्करण्याऐवजी त्याने सुरी पत्करली, कारण ग्रंथ अपुरा होता. बायझंटाइन दरबारातला खोजा नार्सेस याने ५५२ साली इटलीत गॉथांचा राजा तोतिला याचा पराभव केला. युन्नानमधल्या मुसलमान घरातला झंग हे चीनच्या मिंग घराण्याच्या फौजेने लहानपणी पकडला, खच्ची केला आणि पुढे त्यानेच १४०५ ते १४३३ या काळात सात सागरी मोहिमा काढल्या. पहिल्या मोहिमेत २७,००० हून अधिक माणसे होती आणि ती आपल्या कालिकतपर्यंत आली.

राजांचा हिशेब चुकला तो दाराशी. ज्याला वारस नाही त्याला लोभ नाही, हे गृहीतक. पण राजापर्यंत कोणाचा अर्ज जाणार, कोणाचा नाही, हे दारावरचा माणूस ठरवतो. इराणच्या दरबारातला खोजा बगोआस याने तिसऱ्या आर्टाझर्क्सिसला विष दिले, त्याच्या मुलाला गादीवर बसवले, मग त्यालाही संपवले. शेवटी तिसऱ्या दरायसने त्याचाच प्याला त्याला प्यायला लावला. वारसाचाही उपाय निघाला, दत्तक. हान दरबारातला खोजा त्साव थंग याने मुलगा दत्तक घेतला. त्या दत्तकाचा मुलगा त्साव त्साव, आणि त्याच्या मुलाने इ. स. २२० मध्ये हान घराणे खालसा करून स्वतःचे वेई घराणे स्थापले. वंश बुडावा म्हणून ज्याला कापले, त्याच्या घरात राजवंश उभा राहिला. याच्या एकतीसच वर्षे आधी, १८९ साली, राजधानीत खोजांची कत्तल झाली होती. दोन हजारांहून जास्त मारले गेले आणि दाढी नाही म्हणून भलतीच माणसेही कापली गेली.

भारतात अंतःपुराच्या राखणीसाठी ‘वर्षवर’ म्हणजे खोजे नेमावेत, हे अर्थशास्त्रात आहे. संस्कृत नाटकांतला कंचुकी हा वेगळा, तो म्हातारा ब्राह्मण असतो. विराटपर्वात बृहन्नडेला राजकन्यांच्या महालात सोडण्याआधी राजा तिची तपासणी करवून घेतो. म्हणजे दाराशी खात्री करण्याची रीत कथाकारांना ठाऊक होती. अकबराच्या जनानखान्याची व्यवस्था अबुल फझलने वळयांसारखी सांगितली आहे: आत पहाऱ्याला बायका, भिंतीबाहेर खोजे, त्यापुढे विश्वासू रजपूत, त्यापलीकडे दरवाजांवरचे द्वारपाल. खोजांच्या मुख्याला ‘नाझिर’ म्हणत. आपल्या कोर्टातला नाझर हाच शब्द, अर्थ देखरेख करणारा. पन्हाळ्यावर ज्यांचा अंमल होता त्या आदिलशाहीतही खोजे होते. पहिल्या अली आदिलशहाचा १५८० साली खून झाला तो बीदरहून मागवलेल्या खोजाच्या हातून.

मलिक काफूरबद्दल लेखात दिलेला घटनाक्रम बरोबर आहे, भर एवढीच. १२९९ च्या गुजरात स्वारीत तो खंबायतेत सापडला. ‘हजार दिनारी’ हे टोपणनाव म्हणजे त्याची किंमत. देवगिरी, वारंगळ, द्वारसमुद्र, मदुरा या स्वाऱ्यांचा तो सेनापती. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन गेला, काफूरने त्याचा सहा वर्षांचा मुलगा गादीवर बसवला, त्याच्या मोठ्या मुलांचे डोळे काढवले आणि महिना-सव्वा महिन्यात अलाउद्दीनच्याच पहारेकऱ्यांनी त्याला मारले. त्याच्या क्रौर्याचे समर्थन कोणी करू नये. पण ‘अशा लोकांच्या स्वभावातच कपट असते’ हे लेखातले वाक्य साफ चूक आहे. गादीसाठी अलाउद्दीनने स्वतःच्या चुलत्याला, जो सासराही होता, मारले. तिथे स्वभावाचे कारण कोणी शरीरात शोधत नाही.

सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधण्याची सवय आपल्याला लावण्यात इंग्रजांचा मोठा हात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग याच विषयावर. त्यात व्याख्या अशी की जो पुरुष स्वतः कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत दिसतो की तो नपुंसक आहे, तो ‘युनक’. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नोंदवही झाली. रस्त्यावर लोकांना दिसेल असा बायकी पोशाख, दागिना, नाच यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही. नवाबाच्या जहागिरी सांभाळणारा ख्वाजासरा आणि गुरू-चेल्याच्या घराण्यातला हिजडा हे एकाच वहीत आले. हिजडा समाजात काही जण निर्वाण म्हणजे शस्त्रक्रिया करून घेतात, काही घेत नाहीत. समाजात येणे मात्र मनाने असते आणि गुरूच्या दीक्षेने. बाजारातून विकत आणलेला तो नव्हे.

जोगत्याचे तर त्याहून वेगळे. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला, गळ्यात देवीचे मणी, डोक्यावर जग, सोबत चौंडके आणि तुणतुणे. काही जोगते साडी नेसतात, काही धोतर. सुरी ही त्या दीक्षेची अट नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीहून मंडळी परतल्यावर आंबील, भाकरी, वरणे-वांग्याच्या भाजीचा नैवेद्य घेऊन निम्मे कोल्हापूर ओढ्यावर लोटते, तेव्हा ‘उदं गं आई’ म्हणत पुढे चालणारी हीच माणसे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्याबरोबर जोगता हा शब्द नावानिशी आहे. ज्यांचे नाव कायद्यात स्वतंत्र आहे त्यांचे नाव वर्तमानपत्रातही स्वतंत्र असावे.

माझ्या विनंत्या अशा. पुढच्या रविवारी त्याच पानावर फोटोची दुरुस्ती छापावी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नव्हे. राजवाड्यातल्या माणसासाठी खोजा किंवा ख्वाजासरा, आजच्या समाजासाठी तृतीयपंथी किंवा त्यांना हवे ते नाव, आणि जोगत्यासाठी जोगता, एवढे तीन शब्द वेगळे ठेवावेत. षंढ आणि नपुंसक हे शब्द बातमीत टोमणा म्हणूनही वापरू नयेत. यात्रेत काढलेला माणसाचा चेहरा दुसऱ्या विषयाला लावायचा असेल तर आधी त्याला विचारावे. काफूरचे समकालीन चित्र उपलब्ध नाही. चित्र हवेच असेल तर अ‍ॅसिरियातल्या निमरूद शहरच्या शिल्पपटातला तो चवरीवाला बिनदाढीचा सेवक छापावा. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक,
कोल्हापूर